बरं होणाऱ्याला आत्मपरीक्षण सांगताना

मानसिक आजारातून उठणाऱ्या माणसाला आपल्याकडे जे सल्ले मिळतात, त्यांत 'जरा आत्मपरीक्षण कर' हा सगळ्यांत सज्जन वाटणारा सल्ला आहे. 'देवऋषाकडे दाखवा' किंवा 'लग्न लावून टाका, आपोआप ताळ्यावर येईल' असं कुणी म्हटलं तर आता चार माणसं तरी हरकत घेतात. आत्मपरीक्षणाला हरकत कोण घेणार? ज्ञानाची, भक्तीची, सुधारणेची सगळी वाट तिथूनच सुरू होते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही माझी हरकत आहे. स्वतःकडे बघण्याला नाही, पण ते ज्या वेळी, ज्या सुरात आणि ज्या एकट्या माणसावर लादलं जातं त्याला आहे.

आमच्या भागाचंच बघा. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागतं. राजगडाला निघालेले ट्रेकर इथूनच साखर-गुंजवण्याच्या रस्त्याला वळतात. पुणं पन्नासएक किलोमीटरवर, शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कंपन्या त्याहून जवळ, आणि पावसाळ्यात सगळीकडे भाताची खाचरं. अशा गावात कुणी महिनाभर पुण्यात दवाखान्यात राहून, गोळ्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरला की संध्याकाळपर्यंत आळीभर कळतं. मग लोक भेटायला येतात. येतात ते प्रेमानंच. पण बोलणं ठरलेलं असतं: "काय कमी होतं रं तुला? नीट विचार कर, कुठं चुकलं ते बघ." पाय मोडून आलेल्याला किंवा कावीळ होऊन उठलेल्याला हीच माणसं असं विचारत नाहीत. त्याला मऊ भात देतात, उसाचा रस देतात आणि पडून राहा म्हणतात. मनाच्या आजारात मात्र आजार आणि आजारी यांत आपण फरक करत नाही. आजार झाला म्हणजे माणसानंच काहीतरी केलं असणार, निदान काहीतरी करायचं टाळलं असणार, असं गृहीत धरतो. त्यामुळे आपण मागतो ते आत्मपरीक्षण नसतं, कबुलीजबाब असतो.

आणि तो कबुलीजबाब द्यायला नैराश्यातला माणूस आधीच तयार बसलेला असतो. ही यातली सगळ्यांत दुःखद बाब आहे. त्याच्या डोक्यात रात्रंदिवस खटला चालू असतो. आरोपी तोच, फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. त्यात बाहेरून आणखी एक जण येऊन सांगतो, 'विचार कर.'

विचार करणं आणि उगाळत बसणं या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी परिणामात उलट्या असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी हा फरक आयुष्यभर अभ्यासला. १९८९ च्या शरद ऋतूत त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. तिथल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती कशी आहे आणि उदास वाटलं की ते काय करतात, याच्या नोंदी त्यांनी घेऊन ठेवल्या होत्या. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासून आपल्या उदासीभोवती घोटाळत राहायची, 'मला असं का होतं' हे पुनःपुन्हा घोळवायची सवय होती, ते काही आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त खचलेले होते. हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर याच दिशेचं काम पुष्कळ झालं आहे. उगाळणाऱ्याला मात्र आपण उगाळतोय असं वाटत नाही. आपण प्रामाणिकपणे स्वतःला तपासतोय, इतरांपेक्षा खोल जातोय, असंच त्याला वाटतं.

दुसरा अभ्यास याहून बारीक आहे, आणि या सगळ्या विषयाची किल्ली मला त्यातच दिसते. १९८६ साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या ब्रिटिश संशोधकांनी आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या रुग्णांना एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातला एखादा विशिष्ट प्रसंग आठवायला सांगितला. इतरांच्या मानाने या रुग्णांना नेमका प्रसंग सांगणं जड जात होतं. 'मी तेव्हा बापाबरोबर अमक्या जत्रेला गेलो होतो' असं न येता 'मी नेहमी हरतोच' या धर्तीचं उत्तर येत होतं. म्हणजे आजारात दुःख तर वाढतंच, पण प्रसंग पुसट होऊन मागे निष्कर्ष तेवढा उरतो. तारीख, वार, ठिकाण, कोण काय बोललं हे सगळं विरघळतं आणि 'नेहमी', 'कधीच', 'सगळं' एवढेच शब्द शिल्लक राहतात. अशा माणसाला 'स्वतःविषयी विचार कर' म्हटलं तर तो कशावर विचार करणार? त्याच्या हाताशी पुरावाच नाही, निकाल तेवढा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की बरं होण्याच्या काळात स्वतःकडे बघायचं ते निवाड्यासाठी नाही, नोंदीसाठी. तेही पहिल्या दिवसापासून नाही.

आधी झोप, आधी गोळ्या, आधी दोन वेळचं जेवण. भ्रम-भास होणाऱ्या आजारातून बाहेर येणाऱ्याच्या बाबतीत तर फारच जपून. आपल्याला जे ऐकू येत होतं ते खरं नव्हतं, आपण शेजाऱ्यावर घेतलेला संशय खोटा होता, हे उमजू लागतं तेव्हा डॉक्टरांना आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण ज्याला उमजतं त्याच्यासाठी तो काळ कडेलोटाचा असू शकतो. समज वाढते तशी निराशाही वाढू शकते, हे मनोविकारतज्ज्ञ चांगलं जाणतात. अशा वेळी त्याला आणखी खोल उतरवण्याची घाई नको, सोबत हवी. आत बघण्याचीच साधना शिकवणारी मंडळीही याबाबत सावध आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि त्या परंपरेच्या इतर केंद्रांवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची विचारपूस होते, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. सल्ला देणाऱ्या पाहुण्यांनी यातून थोडं तरी घ्यावं.

इथं कुणी म्हणेल, मग आपल्या संतांनी काय केलं? तुकोबांइतकं कठोरपणे स्वतःला कुणी तपासलं आहे? दुष्काळात बायको आणि मुलगा गेले, धंदा बुडाला, आणि त्यातून त्यांनी स्वतःला सोलून काढलं. खरं आहे. पण ते कोणत्या रीतीनं केलं हेही बघायला हवं. अभंगाच्या शेवटी ते स्वतःचं नाव घेऊन बोलतात, स्वतःकडे जरा बाहेरून बघतात. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला समोर बसवून, समजावून सांगितलेले आहेत. अलीकडे ईथन क्रॉस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की स्वतःला नावानं किंवा तिऱ्हाइतासारखं संबोधून विचार केला तर त्रासदायक आठवणीची धग कमी होते. संतांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं, असा दावा मी करणार नाही. तसे दावे करून आपण संतांनाही छोटं करतो आणि शास्त्रालाही. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या परंपरेचा दाखला देऊन आपण आजारी माणसाला कोपऱ्यात बसवून विचार करायला लावतो, ती परंपरा कोपऱ्यातली नव्हतीच. ती कीर्तनात उभी राहून, दिंडीत चालत, टाळकऱ्यांच्या साथीनं बोलत होती. तुकोबांचा अभंग ऐकणारं कुणीतरी समोर होतं.

निवाडा आणि नोंद यांतला फरक मराठी माणसापर्यंत पोचवण्याचं मोठं काम डॉ. कि. मो. फडके यांनी केलं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी इथं रुजवली. एलिसशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. पुढे ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी तीच भाषा व्याख्यानांतून, शिबिरांतून घरोघर नेली. या पद्धतीतली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: वागण्याला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'काल मी गोळी चुकवली' हे वाक्य तपासता येतं, त्यावर उपाय करता येतो. 'मी बेजबाबदार आहे' या वाक्याचं काहीच करता येत नाही, ते फक्त सोसता येतं.

नोंद म्हणजे नेमकं काय, हे मी मार्गासनी परिसरातल्या एका घरात पाहिलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. घरातला धाकटा मुलगा कंपनीत कामाला होता. उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार, म्हणजे बायपोलर. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं. त्यावर नेहमीप्रमाणे दुधाच्या खुणा, सिलिंडर कधी लावला ती तारीख. पण प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं एक आकडा होता, रात्री किती तास झोप झाली तो. गोळी चुकली तर बाजूला छोटा गोल. दसऱ्याच्या आठवड्यात आकडे असे उतरत गेले होते: ७, ७, ६, ४, ३. शेवटच्या आकड्यापाशी बारीक अक्षरात, 'रात्री गोठा धुतला'. लिहिणारा तोच. त्या दिवशी सकाळी चहा देताना वहिनीनं विचारलं होतं, "भावजी, काल तीनच तास?" तो म्हणाला, "व्हय, पर मला लई बरं वाटतंय." वहिनी म्हणाली, "म्हनूनच तर. आजच जाऊ पुन्याला." आणि ते गेले. उन्मादाच्या आधी झोप कमी होते, तरी थकवा येत नाही आणि माणसाला कधी नव्हे इतकं छान वाटतं, ही त्या आजाराची ओळखीची खूण आहे. आतून बघणाऱ्याला 'लई बरं' दिसत होतं. कागदावर मात्र तीन लिहिलेलं होतं.

या आत्मपरीक्षणात 'मी कोण', 'मी असा का' हे प्रश्न कुठेच नाहीत. ते रोज अर्ध्या मिनिटात संपतं, त्याला तारीख आहे, आणि ते दुसऱ्याला वाचता येतं. अमेरिकेत मेरी एलेन कोपलँड यांनी आजार सोसलेल्या माणसांबरोबर बसून १९९० च्या दशकात अशीच एक योजना बेतली होती: बरं असताना मी कसा असतो, घसरणीच्या पहिल्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, आणि माझं मलाच कळेनासं झालं तर कुणी काय करायचं. त्या घरात कुणी कोपलँड वाचलेली नव्हती. डॉक्टरांनी झोप लिहून आणायला सांगितलं, बाकीचं त्यांनी गरजेतून जमवलं.

खेड्यातल्या माणसाला अशा नोंदीची गरज शहरी माणसापेक्षा जास्त आहे, हेही सांगितलं पाहिजे. मार्गासनीहून पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, सोबत येणाऱ्याचाही मोडतो. सरकारी दवाखान्यातली रांग संपून आत गेल्यावर हाताशी येतात मोजकी मिनिटं. "कसा गेला महिना?" "बरा." एवढ्यावर गोळ्या तशाच चालू राहतात किंवा चुकीच्या बदलल्या जातात. कॅलेंडरचं फाडलेलं पान टेबलावर ठेवलं तर तीच मिनिटं कामी येतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं सांगितलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या डोंगरी तालुक्यांत किती माणसं उपचारांविना आहेत, हा आकडा त्यामुळे त्या पाहणीतून मिळत नाही. डॉक्टर दूर आहेत तोवर जवळची नोंद हाच आधार आहे. आणि नोंद करताना कुणाच्या हातून 'जगावंसं वाटत नाही' असं लिहिलं गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता घरात सांगावं आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता ही नोंद वाचणाऱ्या, सोबत बसणाऱ्या दुसऱ्या माणसाविषयी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत चौथी पायरी आहे स्वतःचा निर्भय नैतिक आढावा घेण्याची. लोक हीच पायरी लक्षात ठेवतात. पण ती पहिली नाही, चौथी आहे, आणि तिच्या लगेच पुढची पायरी तो आढावा दुसऱ्या एका माणसापुढे उघड करण्याची आहे. म्हणजे एकट्यानं स्वतःला तपासून एकट्यानंच ते ओझं वागवायचं, असं तिथं कुठेच सांगितलेलं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथंही गटात बसून बोलणं हा उपचाराचा कणा राहिला. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही तिथं चालतो. म्हणजे ज्याचं व्यसन त्यानंच तेवढं स्वतःकडे बघायचं, घर मोकळं, असं त्या मंडळींनी मानलं नाही. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव गाठीशी घेऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं रुग्णांइतकाच काळजीवाहकांचाही विचार झाला.

घराला मोकळं सोडता येत नाही, याला भक्कम आधार आहे. जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये इस्पितळातून घरी परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. ज्या घरात सतत टोचून बोललं जायचं, राग धरला जायचा किंवा काळजीच्या नावाखाली माणसाला श्वास घेऊ दिला जात नव्हता, तिथं आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला, १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि लंडनच्या मानानं तिथं अशी घरं कमी निघाली. ही आपल्या कुटुंबांची खरी ठेव आहे. पण ती ठेव आपोआप टिकत नाही. शेती तुटते, एक भाऊ पुण्यात आणि एक कंपनीत असतो, म्हातारे आईबाप दोघंच आजारी लेकाला सांभाळतात, तेव्हा जीभ टोकदार होते. त्यांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. सांभाळणाऱ्याला थकवा येतो, त्यालाही कुणीतरी विचारावं लागतं. पण कॅलेंडरवर झोपेचा आकडा लिहायचा तर 'आज मी त्याच्यावर ओरडलो' हेही त्याच चौकटीत यायला काय हरकत आहे? रुग्णाला आत्मपरीक्षण सांगणाऱ्या प्रत्येक घरानं आधी एक महिना हे करून पाहावं.

सगळ्यांत अवघड जागा आता येते. आजारात माणसाच्या हातून दुसऱ्याचं खरंच नुकसान झालेलं असतं. आमच्या भागात फार्महाउससाठी जमिनी विकत घेणारे आणि मिळवून देणारे एजंट फिरतात. उन्मादात एखाद्यानं वडिलोपार्जित तुकड्याचा इसार घेऊन तो चार दिवसांत उडवलेला असू शकतो. कुणी आईवर हात उचललेला असतो. तेव्हा 'आजार होता, सोडून दे' एवढं म्हणून भागत नाही, कारण तो स्वतःच सोडू शकत नाही. आणि 'तूच केलंस' म्हणूनही भागत नाही, कारण ते अर्धसत्य आहे. मला वाटतं, आजाराचा दोष माणसाचा नाही, पण मागे राहिलेली निस्तरणी त्याची आहे, जमेल तेवढी आणि घरच्यांच्या मदतीनं. इसाराचे पैसे हप्त्यानं फेडायचे, आईची माफी मागायची, पुढच्या वेळी कागदपत्रं कुणाकडे ठेवायची ते आज ठरवायचं. अपराधीपणाला करण्यासारखं काम मिळालं की तो उगाळला जात नाही. हे मात्र उभं राहण्याची ताकद आल्यावर, आणि कुणीतरी शेजारी बसलेलं असताना.

नोंदीचाही अतिरेक होतो. ज्याला मंत्रचळ आहे, किंवा नाडी जरा वाढली तरी जीव घाबरतो, त्याला दर तासाला स्वतःला तपासायला लावलं तर आजारच पोसला जाईल. त्याच्यासाठी तपासणं कमी करणं हाच उपचार असतो. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये दुःखद अनुभव लिहून काढण्याचा फायदा दाखवला, तोही ओळीनं चार दिवस, दर दिवशी पंधरा मिनिटं, एवढ्या मर्यादेत. वही मिटायची वेळ ठरलेली असली पाहिजे. भाताची लावणी आली की दोन-दोन आठवडे वहीकडे बघायला सवड नसेल तर काही बिघडत नाही. गुडघाभर चिखलात दहा माणसांबरोबर वाकून काम करणं हेही बरं होण्याचंच काम आहे.

आणि नोंदी साचल्यावर त्यांचं काय करायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं याला एक जागा दिली आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार कोणत्याही सज्ञान माणसाला बरं असताना आगाऊ लिहून ठेवता येतं की माझी निर्णय घेण्याची क्षमता गेली तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. क्षमता परत आली की त्याचा अंमल थांबतो. माणूस तो मजकूर केव्हाही बदलू शकतो. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू नाही. शहाणपणाच्या काळातल्या स्वतःनं आजाराच्या काळातल्या स्वतःसाठी लिहिलेला, आणि डॉक्टरांनीही पाळायचा, असा हा कागद आहे. तो भरायला तत्त्वज्ञान लागत नाही, मागच्या दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं लागतात. त्यावरून त्या धाकट्या भावासारख्या कुणालाही लिहिता येईल: ओळीनं तीन रात्री चार तासांहून कमी झोपलो तर मी नाही म्हटलं तरी डॉक्टरांकडे न्या. अमुक गोळीनं माझे हात थरथरतात, ती देण्याआधी विचारा. मला बांधू नका. माझ्या वतीनं वहिनी बोलेल. कायद्यात न बसणाऱ्या, घरापुरत्या ओळी त्याखाली वेगळ्या कागदावर: सातबारा आणि एटीएम कार्ड थोरल्याकडे ठेवा, मामाला फोन करा, त्याचं मी ऐकतो, आणि तेव्हा मला काय चुकलं ते विचारू नका.